इंटरनेट एक्स्प्लोरर गेला, पण त्याच्यावाचून न उघडणाऱ्या साइट राहिल्या

मायक्रोसॉफ्टनं १५ जून २०२२ रोजी इंटरनेट एक्स्प्लोरर ११ निवृत्त केला. पुढे १४ फेब्रुवारी २०२३ ला एज ब्राउझरच्या एका अपडेटनं विंडोज १० च्या बहुतेक संगणकांवरून तो कायमचा बंद केला. निळ्या 'ई'वर क्लिक केलं की एज उघडू लागला. ज्यांचं काम क्रोमवर चालत होतं त्यांना फरक पडला नाही. ज्यांच्या कार्यालयातलं एखादं सॉफ्टवेअर, एखादी जुनी साइट किंवा भिंतीवरच्या कॅमेऱ्याचं चित्रण साठवणारा डीव्हीआर फक्त एक्स्प्लोररमध्येच उघडत होता, त्यांच्यासाठी एक शब्द नव्यानं कामाचा झाला: आयई मोड.

परळी तालुक्यातल्या सिरसाळ्यासारख्या गावातून या प्रश्नाकडे पाहिलं की त्याचं खरं वजन कळतं. तालुक्याच्या कामाला परळी, जिल्ह्याच्या कामाला बीड. गावात ग्रामपंचायत, पोलीस ठाणं, सेवा केंद्रं, झेरॉक्सची दुकानं. अशा गावात संगणकासमोर बसणारा माणूस बहुधा स्वतःसाठी बसत नाही. ग्रामपंचायतीचा संगणक परिचालक किंवा सेवा केंद्राचा चालक दुसऱ्याचा अर्ज भरत असतो. पान उघडलं नाही की काउंटरवर एकच वाक्य ऐकू येतं, 'सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.' पुष्कळदा सर्व्हर सुरळीत चालू असतो. साइट एका काळासाठी बांधलेली असते आणि ब्राउझर दुसऱ्या काळातला असतो. पण रांगेतल्या माणसाला दोन्हीचा अर्थ एकच, एक दिवस वाया.

जुन्या साइट चालवून घेणं ही ब्राउझरांची जुनी जबाबदारी आहे आणि तिचे दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार आपल्याला दिसतही नाही. पानाच्या पहिल्या ओळीत डॉकटाइपची घोषणा नसेल तर आजचा क्रोम किंवा फायरफॉक्ससुद्धा ते पान १९९० च्या दशकातल्या सैल नियमांनी मांडतो. याला क्वर्क्स मोड म्हणतात. ही अदलाबदल २००० साली मॅकवरच्या एक्स्प्लोरर ५ मध्ये आली आणि २००१ साली विंडोजवरच्या एक्स्प्लोरर ६ मध्ये. फायरफॉक्समध्ये तर बिघडणाऱ्या साइटची यादीच ठेवलेली असते. त्या साइट उघडताना ब्राउझर आपली ओळख बदलून सांगतो किंवा पानात छोटी दुरुस्ती करून घेतो. आजचा जवळजवळ प्रत्येक ब्राउझर स्वतःची ओळख 'मोझिला' या शब्दापासून सुरू करतो, तेही जुन्या साइटनी दार लावू नये म्हणूनच. हे काम ब्राउझर बनवणाऱ्यांनी अंगावर घेतलेलं आहे. त्यासाठी वापरणाऱ्याला काही ठरवावं लागत नाही.

दुसऱ्या प्रकारात निर्णय वापरणाऱ्याकडे येतो. मार्च २००९ मध्ये आलेल्या एक्स्प्लोरर ८ मध्ये पत्त्याशेजारी एक बटण होतं, कंपॅटिबिलिटी व्ह्यू. ते दाबलं की पान एक्स्प्लोरर ७ च्या पद्धतीनं दिसे. २०१४ साली एक्स्प्लोरर ११ मध्ये एंटरप्राइझ मोड आला. मोठ्या संस्थांनी आपल्या जुन्या साइटची यादी करून ठेवायची आणि त्या पत्त्यांपुरतं ब्राउझरनं मागे जायचं, अशी ती सोय होती. जानेवारी २०२० मध्ये क्रोमियमवर आधारलेला नवा एज आला. त्यातला आयई मोड हा याच वंशातला, पण अधिक खोल. इथं नवा ब्राउझर जुन्याची नक्कल करत नाही. त्या एका टॅबमध्ये एक्स्प्लोररचं मूळ इंजिन, ट्रायडंट, प्रत्यक्ष चालतं. म्हणून अॅक्टिव्हएक्सचे घटकही (साइटनं संगणकात बसवलेले, एक्स्प्लोररसाठीचे छोटे प्रोग्राम) त्यात चालतात. आणि म्हणूनच त्या इंजिनाच्या सुरक्षेतल्या जुन्या फटीही सोबत येतात.

आपल्याकडे एका ब्राउझरवर विसंबण्याची सवय लागली ती दोन वाटांनी: मराठी अक्षरं आणि डिजिटल सही. पैकी अक्षरांची गोष्ट सविस्तर सांगायला हवी, कारण त्यात गमावलेलं अजून पुरतं परत मिळालेलं नाही.

युनिकोड या सगळ्या लिप्यांसाठीच्या सामाईक प्रमाणात देवनागरीला १९९१ पासून जागा होती. पण सामान्य संगणकावर ती दिसायला विंडोज २००० उजाडावं लागलं. त्यानंतरच्या एक्सपीतही ती आपोआप दिसत नसे. रीजनल सेटिंग्जमध्ये जाऊन गुंतागुंतीच्या लिप्यांची खूण करायची, मग संगणक विंडोजची सीडी मागायचा, आणि सीडी बहुधा दुकानदाराकडेच राहिलेली असायची. तोवर मराठी छपाई सी-डॅकच्या आणि श्रीलिपीच्या फॉन्टवर चालत होती. या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत, आणि कोणता तुकडा कुठे हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. मराठी वर्तमानपत्रं इंटरनेटवर आली ती हीच अक्षरं घेऊन. वाचकाच्या संगणकात तो फॉन्ट नसेल तर पानभर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा खच दिसायचा. त्यावर उपाय म्हणून डायनॅमिक फॉन्ट आले. पानाबरोबर फॉन्टही उतरायचा, मात्र तो एक्स्प्लोररच्या खास प्रकारातला आणि त्या साइटच्या पत्त्याशी बांधलेला. नेटस्केप या तेव्हाच्या दुसऱ्या ब्राउझरची पद्धत निराळी होती. बहुतेकांच्या हाती एक्स्प्लोररच असल्यानं त्याच्यापुरतं काम झालं की बाकीच्यांकडे पाहिलं जात नसे.

त्या निवडीची किंमत मोठी होती. फॉन्ट पत्त्याशी बांधलेला असल्यामुळे पान उतरवून संगणकात जपलं तर अक्षरं पुन्हा मोडलेली दिसत. गूगलला त्या पानात मराठी शब्द सापडतच नसे, कारण यंत्राच्या दृष्टीनं तिथं मराठी नव्हतंच. फायरफॉक्स वापरणाऱ्यांसाठी 'पद्मा' नावाचं एक विस्तारक आलं. ते भारतीय भाषांमधल्या अशा जुन्या फॉन्टमधला मजकूर वाचता वाचता युनिकोडमध्ये बदलायचं. स्वयंसेवकांनी उभारलेल्या या सुसंगतीच्या सोयीनं मोलाचं काम केलं, आणि तिचा विसर पडू नये असं मला वाटतं. १ मे २००३ ला सुरू झालेला मराठी विकिपीडिया पहिल्यापासून युनिकोडवर उभा राहिला, म्हणून त्याची जुनी पानं आजही कोणत्याही फोनवर वाचता येतात. त्याच वर्षांतल्या वर्तमानपत्रांच्या साइटची कितीतरी पानं आज कुठे सापडली तरी वाचता येत नाहीत. आयई मोड लावूनही बहुधा नाहीत. बांधलेला फॉन्ट आणि त्याचा मूळ पत्ता दोन्ही नाहीसे झाले असतील तर जुनं इंजिन एकटं काय करणार? अशा वेळी त्या फॉन्टचा तक्ता मिळवून मजकूर बदलून घेणं हाच मार्ग उरतो.

दुसरी वाट डिजिटल सहीची. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० साली आला आणि सहीला कायद्याचं बळ मिळालं. ही सही पेनड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या टोकनमध्ये असते. गावात त्याला 'डोंगल' किंवा 'डीएससी' म्हणतात. ब्राउझरला त्या टोकनपर्यंत थेट हात घालता येत नाही. घालता येऊ नये, हेच सुरक्षेला धरून आहे. म्हणून त्या काळात साइटबरोबर एक जावा अॅप्लेट किंवा अॅक्टिव्हएक्सचा घटक उतरवायचा आणि त्यानं टोकन वाचायचं, अशी रचना झाली. ई-निविदा, कंपन्यांची विवरणपत्रं, भविष्यनिर्वाह निधी अशी कितीतरी कामं अशा घटकांवर चालली. साइटच्या तळाशी 'इंटरनेट एक्स्प्लोरर ६ व त्यापुढील, १०२४ बाय ७६८' अशी सूचना लिहिलेली असे, आणि त्यात वावगं आहे असं तेव्हा फारसं कुणाला वाटत नसे.

मग ब्राउझरांनी एकामागून एक दारं मिटली. सप्टेंबर २०१५ मध्ये क्रोमनं जावासारख्या प्लगइनांचा जुना रस्ता काढून टाकला. फायरफॉक्सनं मार्च २०१७ मध्ये तेच केलं. २०१८ साली जावाच्या अकराव्या आवृत्तीतून प्लगइनच गेलं. २०२० च्या अखेरीस फ्लॅश संपला. प्रत्येक वेळी कारण रास्त होतं, कारण याच घटकांतून संगणकात घुसखोरी होत होती. पण साइट बदलायला लागलेली वर्षं आणि ब्राउझर बदलायला लागलेले महिने यांचा मेळ बसला नाही. मधली पोकळी परिचालकांनी आपापल्या अकलेनं भरली. कुणी फायरफॉक्सची जुनी आवृत्ती जपून ठेवली आणि तिचं अपडेट बंद केलं. कुणी जावाच्या अपवादांच्या यादीत पत्ता घालून सुरक्षेची पातळी खाली आणली, तर कुणी त्या एका कामासाठी विंडोज ७ चा संगणक कोपऱ्यात जिवंत ठेवला. या लोकांना दोष देणं मला पटत नाही. काम त्यांच्यावर टाकलं होतं आणि साधन दिलं नव्हतं.

जगातही हेच घडलं, काही ठिकाणी फार मोठ्या प्रमाणात. दक्षिण कोरियानं १९९० च्या दशकाच्या अखेरीस मजकूर गुप्त ठेवण्याची स्वतःची पद्धत आणली आणि १९९९ साली डिजिटल प्रमाणपत्रांचा कायदा केला. ते सगळं अॅक्टिव्हएक्सवर बेतलं गेल्यानं बँकेचा व्यवहार करायचा तर एक्स्प्लोररच हवा, अशी एका पुढारलेल्या देशाची कितीतरी वर्षं स्थिती होती. त्या प्रमाणपत्रांचा खास कायदेशीर दर्जा संपला तो डिसेंबर २०२० मध्ये. दक्षिण आफ्रिकेच्या करखात्याचे काही फॉर्म फ्लॅशमध्ये होते. फ्लॅश गेल्यावर जानेवारी २०२१ मध्ये त्या खात्यानं फॉर्म भरण्यापुरता स्वतःचा ब्राउझर काढला. मार्च २०२० मधला, फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचा निर्णयही लक्षात ठेवण्याजोगा आहे. जोडणीच्या जुन्या, कमकुवत पद्धती फायरफॉक्सनं नुकत्याच बंद केल्या होत्या. पण करोनाची माहिती देणाऱ्या काही सरकारी साइट त्याच पद्धतींवर असल्याचं दिसल्यावर त्या तात्पुरत्या पुन्हा चालू केल्या. सुरक्षेपेक्षा माहिती पोहोचणं त्या आठवड्यांत महत्त्वाचं होतं, आणि तो निर्णय बरोबर होता असं मी मानतो.

आता आजची स्थिती. सहीची बहुतेक कामं ब्राउझरमधून बाहेर पडली आहेत. संगणकात सहीचा एक छोटा प्रोग्राम बसवायचा. साइट त्याला निरोप देते आणि तो टोकनशी बोलतो. जीएसटीचं असंच आहे, भविष्यनिर्वाह निधीचंही. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या ई-ग्रामस्वराजवर ग्रामपंचायतीचे पैसे सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) यांच्या डिजिटल सह्यांनी निघतात. अशा ठिकाणी अडचण आली तर आयई मोड लावून उपयोग नसतो. सहीचा प्रोग्राम चालू आहे का, त्याचं प्रमाणपत्र ब्राउझरनं मानलं आहे का, टोकनचा ड्रायव्हर बसला आहे का, हे पाहायचं. 'साइट चालत नाही, आयई मोड टाका' हा सल्ला सरसकट दिला जातो. तो पुष्कळदा चुकीचा असतो आणि संगणक मात्र विनाकारण उघडा पडतो.

आयई मोड खरोखर लागतो तो उरलेल्या दोन जागी. एक, कार्यालयांची आणि संस्थांची जुनी अंतर्गत सॉफ्टवेअर. बनवणारी कंपनी कधीच निघून गेली आहे, पण वर्षानुवर्षांच्या नोंदी आत आहेत. दोन, सीसीटीव्हीचे जुने डीव्हीआर. रस्त्यावरच्या दुकानांपासून पतसंस्थांपर्यंत सगळीकडे ते लागलेले आहेत. त्यांच्या पानात चित्र दिसायला अॅक्टिव्हएक्सचा घटक बसवावा लागतो. डीव्हीआरच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे. कंपनीचं मोबाईल अॅप किंवा संगणकावरचा प्रोग्राम मिळत असेल तर ब्राउझरच्या वाटेला जाऊ नये. तेही नसेल तर थेट डीव्हीआरला मॉनिटर जोडावा.

तरीही गरज पडलीच, तर सोय अशी आहे. एजच्या सेटिंग्जमध्ये 'डीफॉल्ट ब्राउझर' या भागात जायचं. तिथं साइट इंटरनेट एक्स्प्लोरर मोडमध्ये उघडू द्यायची का, अशी निवड आहे. ती 'अलाऊ' करून ब्राउझर बंद करून पुन्हा सुरू करायचा. त्याखालच्या यादीत त्या पानाचा नेमका पत्ता घालायचा. नेमका म्हणजे नेमका, नुसतं साइटचं नाव घातलं तर आतलं पान बहुधा जुन्या पद्धतीनं उघडत नाही. नोंद लागू झाली की पत्त्याच्या डाव्या बाजूला एक्स्प्लोररची खूण दिसते. ही नोंद तीस दिवसांनी आपोआप संपते. महिन्याभरानं तेच पान पुन्हा कोरं दिसलं की परिचालकाला वाटतं साइट बंद पडली. तसं नसतं, नोंदीची मुदत संपलेली असते आणि ती नव्यानं घालावी लागते. मुदत का ठेवली असावी? सवलत कायमची होऊ नये, दर महिन्याला माणसानं विचार करावा, हाच त्यामागचा हेतू दिसतो आणि तो योग्य आहे. ज्या कार्यालयात असे अनेक संगणक आहेत तिथं प्रत्येकाच्या हाती हे सोपवण्याऐवजी वरून एकच यादी लावता येते. त्या यादीत कोणता पत्ता कोणत्या आवृत्तीच्या नियमांनी उघडायचा हे लिहिलेलं असतं, तिला मुदत नसते, आणि यादीबाहेरची कोणतीही साइट जुन्या इंजिनात जात नाही. जिल्हा पातळीवर असं काम एका जाणकार माणसानं केलं तर खाली शंभर जणांना चाचपडावं लागत नाही.

२०२५ साली यात एक महत्त्वाचा बदल झाला. ऑगस्टमध्ये एजच्या सुरक्षा पथकाला कळलं की काही हल्लेखोर खऱ्यासारख्या दिसणाऱ्या बनावट साइटवर लोकांना नेतात, पान आयई मोडमध्ये पुन्हा उघडायला सांगतात आणि जुन्या इंजिनातल्या, तोवर दुरुस्त न झालेल्या फटीतून संगणक ताब्यात घेतात. त्यानंतर घरगुती वापरासाठीच्या एजमधून आयई मोडचं बटण आणि मेनूतले पर्याय काढले गेले. आता वर सांगितल्याप्रमाणे सेटिंग्जमध्ये जाऊन पत्ता घातल्याशिवाय मार्ग नाही. ज्या संस्था धोरणानं यादी लावतात त्यांना हा फरक पडत नाही. त्याआधी जुलै २०२४ मध्येही मायक्रोसॉफ्टला याच इंजिनातली एक फट बुजवावी लागली होती. शॉर्टकटच्या एका फाइलवर क्लिक केलं की बंद केलेला एक्स्प्लोरर मागच्या दारानं उघडत होता. सेवा केंद्राच्या संगणकावर दिवसभर लोकांच्या आधारच्या, पासबुकांच्या, सातबाऱ्यांच्या प्रती येतात. ग्रामपंचायतीच्या संगणकाला सहीचं टोकन जोडलेलं असतं. पिनही तिथंच कागदावर लिहून ठेवला असेल तर एका चुकीच्या पानानं काय होऊ शकतं, याचा विचार केलेला बरा. जुनी साइट ज्या संगणकावर उघडायची त्यावर दुसरं काही उघडू नये आणि काम झालं की टोकन काढून कुलपात ठेवावं, एवढं तरी पाळता येण्यासारखं आहे.

या सगळ्या चर्चेत फोन वापरणारा माणूस सुटतो, आणि माझ्या दृष्टीनं खरा प्रश्न त्याचाच आहे. आयई मोड फक्त विंडोजवर आहे. अँड्रॉइडवर नाही, कधी येणारही नाही. बीड जिल्ह्यातला ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतो तो उन्हाळ्याच्या तोंडाशी परततो. या महिन्यांत त्याच्याजवळ कुटुंब, कोयता आणि फोन असतो. डिजिटल सहीचा सातबारा त्याला पंधरा रुपयांत फडावर बसून फोनवर काढता येतो, कारण ती साइट कोणत्याही ब्राउझरवर चालते. २०१८ च्या महाराष्ट्रदिनी ही सोय सुरू झाली, आणि नीट बांधलेली साइट काय करू शकते हे तिनं दाखवलं. याउलट जे पान एकाच ब्राउझरच्या एकाच मोडमध्ये उघडतं, त्यासाठी त्या माणसाला सिरसाळ्याला परत यावं लागतं, नाहीतर गावातल्या कुणाला तरी आपला आधार क्रमांक आणि ओटीपी सांगून काम सोपवावं लागतं. अशा साइटची किंमत कोणत्याही खात्याच्या हिशेबात दिसत नाही. ती बुडालेल्या मजुरीत आणि गाडीभाड्यात चुकवली जाते.

नियम मात्र आहेत. केंद्र सरकारनं २००९ साली ई-प्रशासनासाठी युनिकोड हेच प्रमाण ठरवलं. त्याच वर्षी सरकारी साइटसाठी मार्गदर्शक तत्त्वं आली, पुढे २०१८ मध्ये आणि २०२३ मध्ये ती सुधारली गेली. साइट वेगवेगळ्या ब्राउझरांवर आणि मोबाईलवर चालली पाहिजे, अशी त्यांची अपेक्षा आहे. काम देतानाच्या करारात ती अट आणि दर काही वर्षांनी साइट नवी करण्याचा खर्च, दोन्ही असायला हवेत. आपल्याकडे साइट बांधायला पैसे मिळतात, उद्घाटन होतं, आणि देखभालीच्या वर्षांत ठेकेदार बदलतो. जुन्या सेटिंगची गरज पुष्कळदा इथं निर्माण होते.

मायक्रोसॉफ्टनं आयई मोड किमान २०२९ पर्यंत चालवण्याचं जाहीर केलं आहे. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार मात्र १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला. म्हणजे खेड्यापाड्यातल्या पुष्कळ जुन्या संगणकांवर आयई मोड चालेल, पण त्याखालच्या विंडोजला नेहमीच्या दुरुस्त्या मिळणार नाहीत. ही जोडी सर्वांत धोक्याची. ज्या कार्यालयाच्या नोंदी अजून जुन्या सॉफ्टवेअरमध्ये अडकल्या आहेत, त्यांनी उरलेला वेळ त्या नोंदी बाहेर काढण्यात घालवावा, एक्सेलच्या साध्या तक्त्यांत आल्या तरी चालतील. मराठी मजकूर जुन्या फॉन्टमध्ये असेल तर तो आत्ताच युनिकोडमध्ये करून घ्यावा, कारण त्या फॉन्टचे तक्ते माहीत असलेली माणसं कमी होत चालली आहेत. परिचालकांनीही पान बिघडलं की 'सर्व्हर डाऊन' एवढ्यावर थांबू नये. पत्ता, तारीख, पडद्यावरचा संदेश, विंडोजची आणि ब्राउझरची आवृत्ती लिहून, पडद्याचा फोटो जोडून तक्रार पाठवावी. सरकारी साइटवर तिची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्याचं नाव आणि ईमेल द्यावा, असं याच मार्गदर्शक तत्त्वांत सांगितलं आहे. 'संपर्क' या दुव्याखाली ते शोधावं. एका गावातून आलेलं पत्र बाजूला पडू शकतं. परळी, माजलगाव, धारूर, केज अशा तालुक्यांतून त्याच पानाबद्दल, त्याच संदेशासह चाळीस पत्रं गेली तर जिल्ह्याच्या बैठकीत तो विषय घ्यावा लागेल.